पेन पडलं तर पडू द्या

पत्र : मी ४१ वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा, गेली चौदा वर्षं टेक्सासमध्ये आयटीत आहे. लहानपणापासूनचं वेड म्हणून चार वर्षांपूर्वी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं, गेल्या वर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता फक्त उपकरणं बघून उडवण्याची परवानगी) झालं. एकूण २६० तास झालेत. गेल्या शनिवारी क्लबची सेसना १७२ घेऊन बायको आणि सात वर्षांच्या मुलीसह ऑस्टिनहून गॅल्व्हेस्टनला निघालो. पाच हजार फुटांवर, पूर्ण ढगात. ऑटोपायलट महिनाभर बंद आहे, त्यावर 'इनॉप'चं स्टिकर. जमिनीवरून रेडिओवर बोलणारा कंट्रोलर म्हणाला, रूट बदललाय, लिहून घ्यायला तयार झालात की सांगा. मी लगेच 'रेडी' म्हटलं. त्याच वेळी मागून मुलगी रडायला लागली, 'बाबा, उलटी येतेय.' बायको पिशवी कुठे आहे विचारत होती. आयपॅड तापून काळा पडला होता. लिहायला घेतलं आणि पेन निसटलं. वाकून शोधलं, सापडलं नाही. मान वर केली तर विमान उजवीकडे तीस-पस्तीस अंश कललेलं, उंची ४६००, आणि कंट्रोलर उंची तपासा म्हणतोय. सावरलं, उतरलो, समुद्रावर गेलो, मुलीने वाळूचा किल्ला केला. बायकोला काही कळलंच नाही. मला मात्र रात्री झोप नाही. मी या कामाला नालायक आहे का? नवीन ऑटोपायलट असलेलंच विमान घ्यावं का? आणि बायको-मुलीला 'बोलू नका' हे कसं सांगू? (नाव छापू नये.)

उत्तर : नमस्कार,

एक गोष्ट तुम्हाला मी पत्र मिळालं त्याच दिवशी ईमेलने कळवली होती, कारण ती सदर छापून येईपर्यंत थांबणारी नव्हती. इतरांसाठी पुन्हा लिहितो. अशी चूक झाली की नासाच्या एएसआरएस या, उड्डाणातल्या चुकांचे अहवाल गोळा करणाऱ्या व्यवस्थेकडे दहा दिवसांच्या आत अहवाल पाठवायचा. १९७६ पासून ही सोय आहे. तुमचं नाव अहवालावरून काढून टाकलं जातं. चूक अजाणता झालेली असेल आणि अपघात किंवा गुन्हा नसेल, तर पुढे एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, प्रकरण उकरलंच तरी दंड किंवा लायसन्स निलंबन सहसा टळतं. पण मी तो भरायला सांगतो तो शिक्षा टाळण्यासाठी कमी आणि लिहिण्यासाठी जास्त. काय घडलं ते क्रमाने लिहायला बसलं की रात्री तीन वाजता डोक्यात फिरणाऱ्या चित्राचा एक परिच्छेद होतो. परिच्छेदाची भीती कमी वाटते.

आता नालायकीचं. मी गेली बावीस वर्षं अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट शिकवतो. माझ्या खिशात कायम एक लाकडी पेन्सिल असते, आणि ती लिहायची नाही. विद्यार्थी वळणात असला, डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) असला, की मी ती त्याच्या पायाशी टाकतो आणि म्हणतो, 'अरे, तेवढी पेन्सिल दे बघू.' ही माझी युक्ती नाही. प्रशिक्षकांसाठी एफएएने जी मार्गदर्शिका काढली आहे, तिच्यात लक्ष विचलित करण्याचे जे प्रकार सुचवलेत त्यात पेन्सिल टाकून उचलायला सांगणं हा एक आहे. म्हणजे तुमच्या हातून पेन पडलं आणि तुम्ही वाकलात, हा सापळा इतका जुना आणि इतका हमखास लागणारा आहे की सरकारी कागदात त्याची नोंद आहे. माझे दहातले आठ विद्यार्थी पहिल्यांदा वाकतात. मीही वाकलो होतो. माझ्या प्रशिक्षकाने तेव्हा मला काही बोलून दाखवलं नाही, नुसतं बोट कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या तबकडीवर, ठेवलं. ते बोट अजून आठवतं.

वाकल्यावर त्या काही सेकंदांत काय झालं ते नीट समजून घ्या, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्या आणि तुम्हाला त्यातली एकच दिसली.

पहिली हाताची. तुम्ही डाव्या सीटवर, डावा हात योकवर, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावर. उजवीकडे खाली वाकताना अख्खं शरीर तिकडे जातं आणि योकवरची मूठ आपोआप घट्ट होते, जसं रिक्षात मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला वळलं की पुढची दांडी आपण घट्ट धरतो. घट्ट धरलेला हात शरीराबरोबर ओढला जातो. विमानाला तेवढं पुरतं.

दुसरी विमानाची. एकदा कल आला की नाक हळूहळू खाली जातं, वेग वाढतो, आणि कल आणखी वाढायला लागतो. तुम्ही खाली असताना ते आपलं काम चोख करत होतं.

तिसरी कानाची, आणि हीच सगळ्यात वाईट. आतल्या कानात तोल सांगणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. हळूहळू आलेला कल त्यांना कळतच नाही. वर त्यात विमान वळत असताना मान झटकन खाली-वर केली, की एका नळीतला द्रव थांबत असतो आणि दुसरीतला सुरू होत असतो. मेंदूला वाटतं आपण गडगडतोय. याला कोरिऑलिस भ्रम म्हणतात. तुम्ही मान वर केलीत आणि डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवलात, कानावर नाही. हे तुम्ही बरोबर केलंत आणि पत्रात त्याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांवर प्रयोग झाला होता, बाहेरचं काही दिसत नसताना ते किती टिकतात याचा. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं, सरासरी १७८ सेकंदांत. तुमचं प्रशिक्षण झालेलं होतं म्हणून तुम्ही आज पत्र लिहिताय.

पण चारशे फूट हा आकडा हलका नाही, तेही सांगायला हवं. आयएफआरमध्ये, म्हणजे उपकरणांवर उडताना, वर-खाली दोन विमानांत हजार फुटांचं अंतर ठेवलेलं असतं. त्यातलं जवळपास निम्मं तुम्ही एका पेनापायी खर्च केलंत.

विचलित होणं म्हटलं की लोकांना गोंगाट आठवतो. रडणारं मूल, वाजणारा फोन. मला वाटतं हे निदान चुकीचं आहे. गोंगाटात लोक नीट उडवतात, मी पाहिलंय. खरं पाहिलं तर तुमच्याकडे कोणीतरी काहीतरी मागत होतं आणि तुम्ही प्रत्येकाला होय म्हणालात. कंट्रोलरला होय, मुलीला होय, बायकोला होय, आयपॅडला होय, शेवटी पेनालासुद्धा होय. चांगला माणूस घरी असाच वागतो. एकटंच कोणी मागत नव्हतं, ते म्हणजे ते गोल तबकडीतलं क्षितिज. ते हाक मारत नाही. कंट्रोलर बोलतो, मूल रडतं, आयपॅड काळा पडतो तोही एक प्रकारे ओरडतोच. क्षितिज कलतं तेव्हा आवाज होत नाही.

'आधी उडव, मग दिशा, मग बोलणं' हा मंत्र तुम्हाला पहिल्या दिवसापासून पाठ असेल. सगळ्यांनाच असतो. वेळ आली की क्रम उलटा होतो, कारण बोलणारी गोष्ट आधी लक्ष खेचते आणि गप्प असलेली शेवटी. नासाच्या संशोधकांनी १९९८ साली असे १०७ अहवाल चाळून पाहिले, एअरलाइनच्या वैमानिकांचे, म्हणजे सरावलेल्या लोकांचे. लक्ष खेचून नेणाऱ्या गोष्टी बहुतेक चारच प्रकारच्या निघाल्या : बोलणं, मान खाली घालून करायची कामं, बाहेर दुसरी विमानं शोधणं, आणि काहीतरी बिघडल्यावर त्याच्या मागे लागणं. तुमच्या त्या अर्ध्या मिनिटात चारपैकी तीन होत्या.

बिघाडाच्या मागे लागण्याचं एक उदाहरण प्रत्येक वैमानिकाला माहीत असतं, तरी सांगतो, कारण त्यातला एक तपशील लोक विसरतात. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र. ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ नंबरचं विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरायला आलं. लॉकहीड ट्रायस्टार, त्या काळातलं सगळ्यात आधुनिक, चार महिने जुनं. चाकं खाली केली, पण पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. दोन हजार फुटांवर जाऊन ऑटोपायलट लावला आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. एकाने दिव्याची खोबण काढली, ती परत बसेना. एकजण खालच्या खणात उतरून चाक दिसतंय का बघायला गेला. मध्येच कोणाचा तरी योकला धक्का लागला आणि उंची धरून ठेवण्याचं काम ऑटोपायलटने सोडलं. विमान अगदी हळू खाली यायला लागलं. उंची सुटल्याची सूचना देणारा आवाज वाजला, कोणाच्या ध्यानात आला नाही. आता विसरला जाणारा तपशील : मायामीच्या कंट्रोलरला पडद्यावर ९०० फूट दिसलं होतं. त्याने विचारलं, कसं काय चाललंय तिकडे? त्याने उंचीचं नाव घेतलं नाही. कॉकपिटमधून उत्तर गेलं की आम्ही वळून परत येतो. थोड्याच वेळात विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळलं. १७६ पैकी १०१ माणसं गेली. चाक खाली आलेलं होतं. बल्ब जळले होते, एवढंच.

तुमच्या कंट्रोलरने 'उंची तपासा' असं सरळ म्हटलं. त्याचे मनात आभार माना.

आपल्या घरांतून एक गोष्ट फार पक्की शिकवली जाते : हातातलं काम अर्धवट सोडू नकोस. माझी आई तर ताटावरून उठू द्यायची नाही. चांगली सवय आहे, शाळेत, नोकरीत, संसारात उपयोगी पडते. ढगात तीच जिवावर उठते. तुम्ही पेन शोधत राहिलात, कारण शोधायला घेतलं होतं. सापडेपर्यंत थांबणं तुम्हाला अवघड गेलं. एक सेकंद, आता सापडेल, हे बोटांना लागतंय बघ.

आणि गंमत अशी की अर्धवट सोडू नको म्हणणारी तीच आई पोळ्या करताना बघा. तव्यावर पोळी आहे, हाताखाली दुसरी लाटली जातेय, दाराशी दूधवाला, बाहेरच्या खोलीत फोन, आणि तुम्ही कपाळाला खोक पाडून आलेले. ती सगळ्यांना उत्तर देते. दूधवाल्याला 'थांबा हं', तुम्हाला 'इकडे ये, बघू'. पण तिची नजर दर दोन-तीन सेकंदांनी तव्याकडे जाऊन येते. लाटणं अर्ध्यावर सोडते, दूधवाल्याला अर्ध्यावर सोडते, तुमचं कपाळसुद्धा अर्ध्यावर सोडते. तवा सोडत नाही. मी विद्यार्थ्यांना, म्हणजे मराठी विद्यार्थ्यांना, हेच सांगतो : क्षितिज हा तवा. बाकीचं सगळं अर्धवट ठेवता आलं पाहिजे. (अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी मला अजून इतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. पॅनकेक नीट बसत नाही.)

आता तुमचा तो रूट बदलण्याचा प्रसंग पुन्हा घेऊ, आणि या वेळी तुकडे करून.

कंट्रोलर म्हणाला, लिहून घ्यायला तयार झालात की सांगा. या वाक्यात त्याने वेळ तुमच्या हातात दिली होती. तुम्ही ती घेतली नाहीत. 'रेडी' हे उत्तर तुमच्या तोंडून सवयीने गेलं, जसं साहेबांचा फोन आला की आपण जेवता जेवता उभे राहतो. कंट्रोलर साहेब नाही. त्याचं काम विमानं वेगळी ठेवण्याचं, तुमचं काम विमान हवेत ठेवण्याचं, आणि दोन्हींत मोठं कोणतं याबद्दल त्यालाही शंका नसते. तेव्हा तिथलं उत्तर : 'स्टँडबाय.' एवढाच शब्द आणि तुमचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव. कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. घरी आरशासमोर दहा वेळा म्हणा. हसू येईल, तरी म्हणा. मला माहीत असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक वैमानिकांना हा शब्द इंजिन बंद पडण्यापेक्षा अवघड जातो.

मग क्षितिज. मग ट्रिम, म्हणजे हात न लावता विमान सरळ राहील अशी जुळवणी. विमान इतकं ट्रिम केलेलं हवं की हात पूर्ण काढला तरी उंची पन्नास फुटांहून जास्त हलू नये. योक मुठीत धरायचाच नाही, अंगठा आणि दोन बोटं पुरे. लिहिताना तर हात काढूनच घ्या. सेसना १७२ चे पंख वर असतात, ती बरीच समजूतदार आहे, पायांनी रडरला (शेपटीवरच्या सुकाणूला) थोडं थोडं दाबून पंख सरळ राहतात. पाय लिहीत नाहीत, वाकत नाहीत, पिशवी शोधत नाहीत. त्यांना काम द्या.

मग 'रेडी टू कॉपी'. चार-पाच अक्षरं लिहिली की वर नजर, क्षितिज, उंची, पुन्हा खाली. मी विद्यार्थ्यांना मनात 'एक, दोन' म्हणायला लावतो. दोनला मान वर, शब्द पुरा झालेला असो वा नसो. सुरुवातीला लिहिलेलं कोंबडीच्या पायासारखं दिसतं. हरकत नाही. काही निसटलं तर परत विचारायचं, कंट्रोलर रोज शंभर वेळा परत सांगतो.

परत वाचून दाखवलंत, आता जीपीएसमध्ये भरायचं. इथे दुसरा सापळा. अख्खा रूट आत्ताच भरायची गरज नसते. पहिला बिंदू भरा, तिकडे वळा, मग पुढचे. बटण एक, नजर एक. जास्तच गुंतागुंत वाटली तर कंट्रोलरकडे तोपर्यंतचं हेडिंग, म्हणजे नाक कुठल्या दिशेला ठेवायचं ते, मागा. तो देतो. इतकंच की मागावं लागतं.

आणि पेन? दोन ठेवायची, एक नीबोर्डला (मांडीवर बांधायच्या पाटीला) दोरीने बांधलेलं, एक शर्टाच्या खिशात. तिसरं कशाला हवं तर मुलीला चित्र काढायला. पडलेलं पेन त्या उड्डाणापुरतं मेलं असं समजा. खिशातलं काढा.

मुलीच्या उलटीकडे येतो. तुम्हाला वाटतंय की तिच्याकडे लक्ष दिलं नाही तर वाईट बाप, दिलं तर वाईट पायलट. ही निवड तुम्ही हवेत करायला गेलात म्हणून अवघड झाली. जमिनीवर ती होतच नाही. पिशव्या बायकोच्या मांडीवर आणि मुलीच्या पुढच्या खिशात, दोन्हीकडे, इंजिन सुरू होण्याआधी. ओला रुमाल, पाण्याची बाटली, आल्याची वडी किंवा जे काही तिला चालतं ते. थंड हवेचा झरोका कसा वळवायचा हे दोघींना दाखवलेलं. मग रडणं आलं तरी ते तुमच्याकडे आलेलं नसतं, तिच्या आईकडे आलेलं असतं.

'बोलू नका' कसं सांगायचं, हा तुमचा प्रश्न. बायकोला नियम सांगू नका, काम सांगा. एअरलाइनला एक नियम आहे, १९८१ पासून : दहा हजार फुटांखाली, सरळ पल्ल्याचं उड्डाण सोडून, कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेलं काही बोलायचं नाही, करायचं नाही. तो आला त्याच्या मागे १९७४ चा शार्लटचा अपघात होता. धुक्यात उतरताना वैमानिक राजकारणावर आणि जुन्या गाड्यांवर गप्पा मारत होते. सत्तरहून अधिक माणसं गेली. तुमचं विमान दहा हजारांवर क्वचितच जातं, म्हणजे 'दहा हजारांखाली गप्प' एवढंच धरलंत तर ऑस्टिन ते गॅल्व्हेस्टन मौनव्रत होईल आणि पुढच्या वेळी तुम्ही एकटेच जाल. म्हणून आपला नियम आपण बनवायचा : निघताना सरळ उडायला लागेपर्यंत, उतरताना अप्रोचची (धावपट्टीकडे ठरलेल्या मार्गाने येण्याची) तयारी सुरू झाल्यापासून चाक टेकेपर्यंत, आणि मध्ये मी हात वर केला की. हात खाली आला की मोकळे. सात वर्षांच्या मुलीला हे खेळ म्हणून फार आवडतं, ती तुमच्यापेक्षा कडक पाळेल.

ऑडिओ पॅनलवर पायलट आयसोलेट असेल तर तोही शिकून घ्या. तो लावला की तुम्हाला फक्त रेडिओ ऐकू येतो, त्या दोघी आपापसात बोलू शकतात. पण आधी सांगून ठेवा. न सांगता लावलात तर बायकोला वाटेल हेडसेट बिघडला, आणि ती तुमचा खांदा हलवायला लागेल, नेमकं नको तेव्हा.

एक अपवाद मात्र शिकवा. धूर, वास, तेल, समोर दुसरं विमान, आणि 'तुम्ही वाकडे झालात' हे कधीही बोलायचं, हात वर असला तरी. त्या छोट्या क्षितिजातलं निळं वर, तपकिरी खाली आणि मधली रेघ आडवी, एवढं बायकोला दाखवा. पाच मिनिटांचं काम. शनिवारी तिला एवढं माहीत असतं तर तुम्ही वाकलेले असताना एक माणूस तव्याकडे बघत असता.

यंत्रांबद्दल थोडक्यात. आयपॅडला पस्तीस अंशांच्या वर चालण्याची शपथ कंपनीनेच घेतलेली नाही, आणि टेक्सासच्या उन्हात काचेमागे तो तासाभरात झोपतो. त्याला सावलीत, हवेच्या झरोक्याजवळ लावा, अप्रोचचे नकाशे फोनवरही उतरवून ठेवा. तो काळा पडला तर पडू द्या, पॅनलवरचं जीपीएस आहे, कंट्रोलर आहे. हेडसेट ब्लूटूथने फोनला जोडत असाल तर तोडा. मेसेजची टिंग थेट कानात येते आणि ऑफिसचा माणूस ढगात शिरतो. फोटो काढायचे तर बायकोने. २०१४ मध्ये कोलोरॅडोत वॉटकिन्सजवळ एक सेसना १५० रात्री, खालच्या ढगांमध्ये कोसळली. तपासात पायलटचं दिशाभान हरपल्याचं आणि त्याला सेलफोन वापरण्याने हातभार लागल्याचं म्हटलं गेलं. आधीच्या फेऱ्यांचं चित्रण कॅमेऱ्यात होतं, त्यात सेल्फी काढणं चाललेलं दिसत होतं.

ऑटोपायलटवर माझं मत काहींना रुचणार नाही. एकट्याने, कुटुंबाला घेऊन, खऱ्या ढगात जायचं तर चालू ऑटोपायलट हवाच, निदान पंख सरळ धरणारा. कायद्याने तुम्हाला गरज नाही. मी तुमच्या जागी असतो तर त्या स्टिकरसकट ढगात गेलो नसतो, किंवा मुलीला न घेता गेलो असतो. पण नवा घेतला म्हणजे सुटलो असं समजू नका, ट्रायस्टारकडेही होता. तो काय धरतोय आणि काय सोडलंय हे दर वेळी मोठ्याने म्हणायचं : 'हेडिंग धरलंय, उंची धरलीय.' मराठीतच म्हणा, आपल्या भाषेत खोटं म्हणणं अवघड जातं. आणि लावल्यावर पहिली पाच सेकंदं फक्त बघत बसायचं, तो सांगितलेलं करतोय का.

सरावाबद्दल शेवटचं. सहा महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग वगैरे केलं की कागदावर तुम्ही ढगात उडायला पात्र असता. त्याने हे येत नाही. एखादा प्रशिक्षक घ्या, हूड घाला, आणि त्याला सांगा की दोन तास मला छळ. रूट बदल, पेन्सिल टाक, दार उघड. हो, दारही. छोट्या विमानाचं दार हवेत उघडलं की भयंकर आवाज होतो, गार वारा येतो, नकाशे उडतात, आणि विमान बहुतेक वेळा निवांत उडत राहतं. माणसं मरतात ती दार लावायला गेल्यामुळे. एकदा ते सुरक्षित उंचीवर, प्रशिक्षक बाजूला असताना अनुभवलं की मग खरंच उघडलं तर तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणाल, राहा उघडं. परीक्षेत उंचीची सूट शंभर फूट होती ना? छळाच्या शेवटीही ती शंभरच राहिली पाहिजे. दोन तासांत नाही राहिली तर आणखी दोन.

त्यानंतर पहिलं उड्डाण एकट्याने करा, वरच्या थरात पातळ ढग असतील अशा दिवशी, खाली उतरायला भरपूर मोकळी जागा ठेवून. मग कुटुंबाला घेऊन. बायकोला शनिवारचं सांगायचं की नाही हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगेन की सांगा. तिला पुढच्या वेळी क्षितिज बघायचंय ना? मग ते कशासाठी हेही तिला माहीत हवं.

आणि हो, ते पेन तुम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही असं लिहिलंय. क्लबमध्ये कोणी ते विमान पुन्हा घेण्याआधी आज संध्याकाळीच जाऊन शोधा. सीटच्या रुळात नसेल तर रडरच्या पेडलांखाली टॉर्च मारून बघा.